गाडी थरथरते म्हणजे नेमकं काय होतं? इंजिनचा कंप, बॅलन्सर आणि सिलिंडरांची मांडणी

पूर्वद्रुतगती

नमस्कार मंडळी,

मुलुंड ते बीकेसी, रोजचं जाऊन-येऊन साधारण ४० किमी. तीन वर्षं एकच गाडी आहे. ३५० सीसी, एक सिलिंडर, आत बॅलन्सर शाफ्ट. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. महिन्यापूर्वी क्लच घसरायला लागला म्हणून एका गॅरेजात दिली. त्यांनी उजवीकडचं कव्हर उघडलं, क्लच प्लेटा बदलल्या आणि ऑइल पंपही नवा टाकला. संध्याकाळी गाडी घेऊन निघालो. ऐरोली जंक्शनच्या पुढे ६० ला पोचलो तर हँडलमधून असा झिणझिणाट सुरू झाला की क्षणभर टायरच गेला असं वाटलं. आरशात मागचा ट्रक म्हणजे नुसता पिवळा डाग. विक्रोळी येईपर्यंत उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली होती.

परत दाखवली. उत्तर मिळालं, "सिंगल सिलिंडर आहे साहेब, एवढं चालायचंच." मग आधीची तीन वर्षं कसं चालत नव्हतं? दहा दिवसांत मागच्या नंबर प्लेटच्या पट्टीला चीर गेली. कालपासून तर गाडी सुरू करायचीच धास्ती वाटते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कुठून तपासायला सुरुवात करू? आणि मुळात इंजिन थरथरतं कशाने? बॅलन्सर आत बसून करतो काय? आता हे समजून घेतल्याशिवाय मी कुठल्याही गॅरेजात गाडी देणार नाही.

घाटवेडी

आधी फाउंडेशन बोल्ट बघा. इंजिन ज्या बोल्टांनी चासीला धरलेलं असतं त्यातला एक जरी सैल राहिला तरी सगळी गाडी बडबडायला लागते. सायलेन्सरची पट्टी, हँडलचे क्लॅम्प आणि फूटरेस्टची रबरं पण बघा. माझ्याकडे एकदा नुसता सायलेन्सरचा बोल्ट ढिला होता आणि मी आठवडाभर इंजिनला दोष देत होते.

लेथमास्तर

पूर्वद्रुतगती, पाना हातात घ्यायच्या आधी गाडीलाच तीन प्रश्न विचारा.

पहिला. गाडी ६० ला चौथ्या गिअरमध्ये असताना कंप किती आहे ते बघा, मग त्याच वेगाला पाचव्यात टाका. कंप बदलला तर तो इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. तसाच राहिला तर चाक, टायर किंवा चेन बघायची.

दुसरा. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खात्री करून क्लच दाबा आणि थ्रॉटल सोडा. वेग तोच असून कंप गेला तर चाकं निर्दोष.

तिसरा. स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, हळूहळू फेऱ्या वाढवा. आरसा कुठल्या आकड्याला पुसट होतो ते लिहून ठेवा.

उत्तरं इथे टाका. मला शंका आली आहे, पण तुमची उत्तरं आल्याशिवाय बोलत नाही.

पूर्वद्रुतगती

काका, आज सकाळी लवकर निघून तिन्ही करून पाहिलं. गिअर बदलला की कंप बदलतो. क्लच दाबला की गाडी लोण्यासारखी. न्यूट्रलमध्ये मिनिटाला ३,००० फेऱ्यांपर्यंत सहन होतं, ३,८०० च्या आसपास आरसा पूर्ण पुसट होतो आणि पुढे वाढतच जातं. फाउंडेशन बोल्ट सगळे घट्ट आहेत, टॉर्क रेंच लावून बघितले.

लेथमास्तर

म्हणजे कंप इंजिनातूनच येतोय. आणि उजवं कव्हर उघडल्यानंतर सुरू झालाय. बऱ्याच इंजिनांत बॅलन्सरचा गिअर त्याच कव्हरमागे, क्लचच्या शेजारी असतो. काम करताना तो काढून परत बसवला असेल आणि खुणा जुळवल्या नसतील, अशी माझी शंका आहे. का ते सांगतो. जरा लांबेल, पण तुम्ही मुळापासून विचारलंत म्हणून मुळापासूनच लिहितो. परळच्या एका वर्कशॉपात तीस वर्षं फिरत्या यंत्रांवर काढली, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो, आणि कनेक्टिंग रॉड नावाच्या दांडीने क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, गोल फिरवतो. त्याला दर वेळी थांबवायला आणि पळवायला जोर लागतो आणि तेवढाच उलटा जोर क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या खोक्याला, बसतो. किती? पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी खीळ) आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून ४०० ग्रॅम धरू. स्ट्रोक (पिस्टनचा वर-खालीचा पल्ला) धरू ८५.८ मिमी, म्हणजे रॉयल एनफिल्डच्या आत्ताच्या ३५० सीसी इंजिनाचा. ३,००० फेऱ्यांना हा जोर साधारण १७० किलो वजनाइतका होतो, आणि त्याची दिशा सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते. फेऱ्या दीडपट केल्या तर जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ४,५०० ला तो ३९० किलोच्या घरात जातो. तुमचा आरसा ३,००० ला ठीक आणि ३,८०० ला पुसट, त्याचं निम्मं कारण हेच. उरलेलं निम्मं म्हणजे आरशाच्या दांडीची स्वतःची एक लय असते. इंजिनची लय तिच्याशी जुळली की दांडी थयथय नाचते. हँडलच्या टोकाला वजनं लावतात ती याचसाठी. कंप त्याने मरत नाही, हँडलची लय खाली सरकते आणि तुमच्या रोजच्या फेऱ्यांपासून दूर जाते.

आता या जोराचं करायचं काय? क्रँकच्या पिनेच्या समोरच्या बाजूला वजन ठेवायचं. पिस्टन वर जाताना वजन खाली. पण पिस्टन फक्त वर-खाली जातो आणि वजन मात्र गोल फिरतं. पिस्टनइतकं पूर्ण वजन ठेवलं तर वर-खालीचा हादरा जातो आणि तेवढाच हादरा पुढे-मागे उभा राहतो. म्हणून साधारण निम्मं वजन ठेवतात. मग उरतो निम्मा वर-खाली आणि निम्मा पुढे-मागे. हे दोन्ही एकत्र धरले की तो जोर क्रँकच्या उलट दिशेने गोल फिरत असतो. जुन्या एक सिलिंडरच्या गाड्या इथेच थांबत. हा फिरता जोर चासीने, सीटने आणि तुमच्या मनगटाने सोसायचा.

बॅलन्सर शाफ्ट म्हणजे क्रँकच्याच वेगाने, पण उलट दिशेने फिरणारी एका बाजूला जड केलेली दांडी. तो उलटा फिरणारा जोर जिथे असेल त्याच्या बरोब्बर समोर ही आपलं वजन नेऊन ठेवते. दोन्ही हातांत अर्धी भरलेली पाण्याची बाटली घ्या आणि हात एकमेकांच्या उलट दिशेला फिरवून बघा. बाजूचा ओढा आपोआप कापला जातो आणि फक्त वर-खालीचा उरतो. तोच उरलेला जोर पिस्टनच्या जोराला छेद देतो. पण हे सगळं वेळेवर अवलंबून आहे. म्हणून क्रँकच्या गिअरवर आणि बॅलन्सरच्या गिअरवर पंचाने मारलेला एकेक ठिपका असतो. ते ठिपके समोरासमोर आले नाहीत तर दांडी चुकीच्या वेळी चुकीच्या जागी पोचते.

माटुंगा_हॉस्टेल

मास्तरांच्या शेवटच्या मुद्द्याचा हिशोब मांडतो. गिअरला ३० दाते धरले तर एक दाता म्हणजे १२ अंश. एक दाता चुकला तर बॅलन्सरने जो जोर पूर्ण मारायला हवा होता त्यातला २१ टक्के शिल्लक राहतो. दोन दाते चुकले तर ४२ टक्के, तीन चुकले तर ६२ टक्के. पाच दाते, म्हणजे ६० अंश चुकले तर बॅलन्सर असून नसल्यासारखा. त्यापुढे मात्र तो कंप वाढवायलाच लागतो. अगदी उलटा बसला तर तो जोर दुप्पट.

एका दात्याने काय होतंय असं बरेच मेकॅनिक म्हणतात. एका दात्याने पाचवा हिस्सा कंप परत येतो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

बुलेटप्रेमी

सगळं वाचलं, छान लिहिलंय. पण एक बाजू मांडू द्या. माझ्या वडिलांची कास्ट आयर्न बुलेट ३५० अजून आमच्याकडे आहे. ७० मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिमीचा स्ट्रोक. बॅलन्सर वगैरे काही नाही. मेन स्टँडवर चालू ठेवली की चाळीच्या फरशीवर हळूहळू सरकते, आई अजून सांगते की तिच्या आवाजाने मांडणीतली भांडी वाजायची. पण तीच गाडी ५५ ला घेऊन बसलं की खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत अंग दुखत नाही. मग कंप वाईटच कसा? २०२० च्या मीटिऑरपासून बॅलन्सर आला आणि गाडी गुळगुळीत झाली, पण मला ती मुकी वाटते.

लेथमास्तर

बुलेटप्रेमी, तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याचं कारणही वरच्याच हिशोबात आहे. ते इंजिन मुळात सावकाश फिरणारं, लांब स्ट्रोकचं, जड फ्लायव्हीलचं. ५५ ला ते इतकं निवांत फिरतं की हादरे मोजता येतील इतके सुटे लागतात. शरीराला सुटे मोठे ठोके चालतात, सेकंदाला ७०-८० वेळा येणारी बारीक झिणझिण चालत नाही. रस्ता फोडायचं हत्यार रोज चालवणाऱ्या कामगारांची बोटं पांढरी पडतात, ती अशाच जलद कंपाने. तीच बुलेट ९० ला नेऊन बघा, मग बोलू.

पण मुकी म्हणालात ते मला पटत नाही. बॅलन्सर ठोका काढत नाही. ठोका पेटत्या वायूचा आहे, क्रँकच्या दर दोन फेऱ्यांतून एकदा बसतो, तो तसाच राहतो. बॅलन्सर काढतो तो पिस्टनच्या वजनाचा हादरा. ठोका हवासा वाटणं आणि हादरा सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत, जुन्या गाड्यांनी त्या एकत्र दिल्या म्हणून आपण त्या एकच समजलो.

बुलेटप्रेमी

हे मात्र कधी असं वेगळं करून पाहिलं नव्हतं. विचार करतो. गाडी विकणार नाही हे नक्की.

घाटवेडी

माझी इंटरसेप्टर ६५० आहे. दोन सिलिंडर म्हणजे दुप्पट हादरे असायला हवेत, पण ही माझ्या आधीच्या २०० सीसीपेक्षा शांत आहे. कसं? आणि गेल्या पावसाळ्यात माळशेजला मैत्रिणीच्या चार सिलिंडरवाल्या गाडीवर मागे बसले होते. सगळे म्हणतात चार म्हणजे रेशीम, पण वरच्या फेऱ्यांना तळपायांना मुंग्या येत होत्या.

लेथमास्तर

सुंदर प्रश्न. चार सिलिंडरच्या मुंग्यांचं मूळ समजायला आधी पिस्टनची एक खोड सांगावी लागेल. ती माहीत नसेल तर बाकी सगळं अर्धवट राहतं.

कागदावर काढून बघा. स्ट्रोक ८० मिमी, कनेक्टिंग रॉड १६० मिमी. क्रँक वरून पाव फेरी फिरला. पिस्टन किती खाली आला? कोणीही म्हणेल ४० मिमी, निम्मा. प्रत्यक्षात तो ४५ मिमी खाली आलेला असतो, कारण रॉड तिरका झाला की त्याची उभी लांबी कमी होते. म्हणजे वरचा अर्धा प्रवास पिस्टन घाईने करतो आणि खालचा आरामात. त्यामुळे वरच्या टोकाला थांबायला जास्त जोर आणि खालच्या टोकाला कमी. या मापांना सरासरी १०० धरली तर वर १२५, खाली ७५. हा जो वर-खालचा फरक आहे तो एका फेरीत दोनदा येतो. पहिल्या जोराला प्रायमरी म्हणतात, या दुप्पट वेगाच्या जोराला सेकंडरी.

नेहमीच्या चार सिलिंडरमध्ये बाहेरचे दोन पिस्टन वर असताना आतले दोन खाली. प्रायमरी पूर्ण कटते. पण सेकंडरी चौघांची एकाच दिशेला, एकाच क्षणी. ८,००० फेऱ्यांना सेकंदाला २६६ वेळा. तुमच्या तळपायांना आलेल्या मुंग्या त्याच. होंडाच्या १९६९ च्या सीबी ७५० पासून ही मांडणी घराघरांत पोचली आणि हा बारीक झिणझिणाटही तिच्याबरोबर आला. यामाहाने २००९ च्या आर वनमध्ये क्रँकच्या पिना ९०-९० अंशांवर नेल्या, त्याने सेकंडरी कटली. पण इंजिन एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे डोलायला लागतं, म्हणून तिथे बॅलन्सर द्यावा लागला.

हे डोलणं भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचमध्ये बघा. एक माणूस पुढच्या टोकाला, एक मागच्या टोकाला, एक उठला की दुसरा बसतो. एकूण भार तेवढाच, तरी लाँच डोलते. तीन सिलिंडरच्या ट्रायम्फमध्ये क्रँकच्या पिना १२०-१२० अंशांवर असल्यामुळे प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही कटतात, उरतं फक्त हे डोलणं, आणि एक बॅलन्सर ते सांभाळतो. माझ्या लेखी मोटारसायकलसाठी ही सगळ्यात समंजस मांडणी. सरळ रेषेतल्या सहा सिलिंडरना तेवढंही उरत नाही, पण तेवढं रुंद इंजिन दोन पायांमध्ये घेऊन फिरायचं कुणी?

गिरगावकर

आणि दोन सिलिंडर? माझ्या काकांकडे राजदूत ३५० होती, १९८३ साली इकडे आलेली, यामाहाच्या आरडी ३५० वर बेतलेली. एक पिस्टन वर तर दुसरा खाली. ती थरथरायची, पण बुलेटसारखी नाही.

लेथमास्तर

काकांची राजदूत १८० अंशांची. दोघे उलट, म्हणून प्रायमरी कटते. लाँचसारखं डोलणं आणि सेकंडरी उरते. ती टू-स्ट्रोक, दर फेरीला दोन्ही सिलिंडर पेटतात, म्हणून ठोकेही समान अंतराने. हीच मांडणी फोर-स्ट्रोकला केली की ठोके १८० आणि ५४० अंशांनी पडतात, लंगडत चालल्यासारखे. कावासाकी निंजा ३०० ऐकून बघा.

ट्रायम्फने १९३७ साली स्पीड ट्विन आणली ती ३६० अंशांची, दोन्ही पिस्टन जोडीने वर आणि जोडीने खाली. ठोके समान, पण हादऱ्याच्या हिशोबाने तो एक मोठा सिंगलच. बीएमडब्ल्यूने २००६ च्या एफ ८०० मध्ये याच मांडणीला सावरायला तिसरा कनेक्टिंग रॉड दिला. त्याला पिस्टन नाही, तो एक वजनदार दांडा उलट दिशेला हलवतो. मला हा उपाय फार आवडतो, एवढ्या आडवळणाने जाऊन कोणीतरी तो करून दाखवला म्हणून.

घाटवेडी, तुमची ६५० आहे २७० अंशांची. एक पिस्टन टोकाला थांबलेला असतो तेव्हा दुसरा मधोमध, भर वेगात. सेकंडरी पूर्ण कटते. प्रायमरी आणि डोलणं उरतं, ते बॅलन्सर घेतो. ठोके २७० आणि ४५० अंशांनी, म्हणजे डुकाटीच्या ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखेच (दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे). तो ९० अंशांचा व्ही क्रँकवरच्या वजनाने प्रायमरी जवळजवळ पूर्ण कापतो, बॅलन्सर न लावता. त्याची लांबी मात्र चासीत बसवताना डोकेदुखी होते. हार्लेने ४५ अंशांचा अरुंद व्ही धरला, म्हणून त्यांना कधी इंजिन रबरावर टांगावं लागलं, तर २००० सालापासून त्यांच्या सॉफ्टेल गाड्यांमध्ये बॅलन्सर द्यावे लागले. आणि बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडवे दोन सिलिंडर, १९२३ च्या बीएमडब्ल्यू आर ३२ पासूनचा, दोन्ही पिस्टन एकदम बाहेर, एकदम आत. सगळे जोर कटतात, फक्त दोन सिलिंडर थोडे मागेपुढे असल्यामुळे किंचित पिळवटणं राहतं.

माटुंगा_हॉस्टेल

ॲक्टिव्हा कुठे बसते यात? घरी तीच आहे.

लेथमास्तर

ती वेगळ्या वाटेने गेली. तिचं इंजिन आणि मागचं चाक एकच तुकडा आहे, तो रबरी बुश असलेल्या एका लिंकवर टांगलेला असतो. इंजिन हलतं, पण तुमच्यापर्यंत कमी पोचतं. जुन्या ॲक्टिव्हाचा फ्लोअरबोर्ड थरथरायला लागला की आधी ते बुश बघा, चिरलेले निघतात.

पूर्वद्रुतगती

मंडळी, काल सुट्टी काढून कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. हा धागा त्यांना मोबाईलवर वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. ऑइल काढलं, कव्हर उघडलं, क्लच बास्केट बाहेर काढली. मग रॉकेलमध्ये ब्रश बुडवून दोन्ही गिअर पुसले आणि टॉर्च धरून मला जवळ बोलावलं. क्रँकच्या गिअरवर मोहरीएवढा ठिपका. त्यांनी क्रँक हळूहळू फिरवून तो बॅलन्सरच्या बाजूला आणला. समोर दुसरा ठिपका नव्हता. तो वर होता. आम्ही दोघांनी बोट लावून मोजलं, दोन दाते.

गिअर काढून बसवला. ठिपक्याला ठिपका आल्यावर त्यांनी दोन्हींवर पांढऱ्या रंगाचा टिपका लावला, पुढच्या माणसाला दिसावा म्हणून. नवं गॅस्केट, नवं ऑइल. येताना घाटकोपरच्या पुढे मुद्दाम ३,८०० ला धरून ठेवली. आरशात मागच्या टेम्पोच्या काचेवरचं 'आई माउलीचा आशीर्वाद' अक्षर न अक्षर वाचता येत होतं, तेही उलटं.

लेथमास्तर काका, तुमच्यामुळे गाडी परत मिळाली. माटुंगा_हॉस्टेल, तुझे ४२ टक्के मिस्त्रींना सांगितले. त्यांनी ते टेबलावरच्या वहीत लिहून घेतले.

लेथमास्तर

ठिपका रंगवला हे वाचून फार बरं वाटलं. ५०० किमी झाल्यावर कव्हरच्या कडेने ऑइल पाझरतंय का तेवढं बघा, आणि नंबर प्लेटची चिरलेली पट्टी वेल्ड करू नका, बदला.